दिनविशेषाचा फळा आणि मावशींचा सोमवार

मित्रांनो, वयानं म्हणाल तर मी जुनाच. दोन कोपरे झिजून गोल झालेत, उजवीकडे एक बारीक चीर आहे, आणि माझ्यावर काळा रंग इतक्यांदा चढलाय की आतलं लाकूड कसं होतं ते मलाच नीट आठवत नाही. पण जुना असलो तरी शिळा मी एक दिवसही नव्हतो. रोज कोरा, रोज नवा. मी आहे शाळेतला दिनविशेषाचा फळा.

दिनविशेष म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक असेलच. आजच्या तारखेला मागे कधी काय घडलं, कोण नावाजलेलं माणूस जन्माला आलं, ते थोडक्यात. कुणी पहिलं विमान उडवलं, कुणी सगळ्यांत उंच शिखरावर पाय टेकले, कुणी पहिल्यांदा फोनवरून हाक मारली, सगळ्यांची उठबस माझ्याकडे असते. आणि माझी आणखी एक गंमत आहे. मला आदल्या दिवशी, शाळा सुटल्यावर लिहून ठेवतात. म्हणजे बाकी अख्खी शाळा ‘आज’मध्येच रेंगाळत असते, तेव्हा मी ‘उद्या’ अंगावर घालून तयार उभा असतो. हे सुख फार कमी वस्तूंच्या वाट्याला येतं.

माझा स्वतःचा जन्म मात्र कुठल्याही फळ्यावर सापडायचा नाही. मी आधी दार होतो. शाळेच्या कोठीच्या खोलीचं साधं, जाडजूड दार. एके वर्षी बिजागऱ्या गंजून निखळल्या आणि मी आडवा झालो. मला फोडून जळणात टाकायचं जवळजवळ ठरलंच होतं. तेवढ्यात बाकं दुरुस्त करायला आलेल्या सुतारकाकांनी माझ्यावर बोटांनी टकटक केलं, कान लावला आणि म्हणाले, “हे अजून खणखणीत आहे. ह्याला कशाला जाळताय? ह्याला शाळेत घाला.”

तर असा मी शाळेत गेलो. काकांनी कडी काढली, खिळे उपसले, रंधा मारला. रंधा मारताना गुदगुल्या होतात की दुखतं, असं कुणी विचारलं तर सांगतो, दोन्ही. मग रंगाचा एक हात, मग उन्हात वाळवण, मग पुन्हा रंग. शेवटी त्यांनी खडूनं एक आडवी रेघ ओढून बघितली आणि स्वतःशीच मान हलवली. त्या रेघेचे उपकार माझ्यावर अजून आहेत. दार असण्याची सवय मात्र पुरती गेली नाही. कुणी समोर येऊन थांबलं की अजून वाटतं, आपण उघडावं.

सुरुवातीची पुष्कळ वर्षं मला चित्रकलेचे सर लिहायचे. त्यांची पद्धत ठरलेली. आधी ओळभर शिरोरेघ ओढायची, मग तिला एकेक अक्षर लटकवायचं, दोरीवर कपडे वाळत घालावेत तसं. माझे तीन भाग असायचे. वर ‘घटना’, मधे ‘जन्म’ आणि खाली ‘आपल्यातले’. हा तिसरा भाग म्हणजे आमच्या शाळेचं खास काम. पूर्वीच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, तो सुरू केला. त्या म्हणाल्या होत्या, “जगातल्या मोठ्यांचे वाढदिवस लिहिता, मग इथे रोज डबा घेऊन येणाऱ्यांनी काय घोडं मारलंय?” तेव्हापासून मेरी क्युरीच्या खाली सहावीतली एखादी दोन वेण्यांची मुलगी आणि पेलेच्या खाली आमचे गणिताचे सर, असे सगळे एकाच भिंतीवर आनंदानं नांदायला लागले.

काय दिवस होते ते. मी तेव्हा दर्शनी दालनात होतो, दारातून आत शिरलं की समोर मीच. उसेन बोल्टच्या वाढदिवसाला अख्खी पाचवी माझ्यापासून वर्गापर्यंत धावत गेली आणि वर्गाच्या दारात एकमेकांवर आदळली. चार्ली चॅप्लिनच्या दिवशी कुणीतरी माझ्या कोपऱ्यात टोपी आणि मिशी काढून ठेवली. सर ओरडले नाहीत. त्यांनी मिशी जरा सरळ करून दिली. ज्याचं नाव ‘आपल्यातले’मध्ये असेल तो त्या दिवशी तहान नसताना तीनतीनदा पाणी प्यायला बाहेर यायचा, फक्त माझ्यासमोरून जायला मिळावं म्हणून. मला कुणी शाबासकी दिली की मी आतून फुलायचो. लाकूड फुललेलं बाहेरून दिसत नाही, एवढंच.

पण मित्रांनो, लिहिणाऱ्याचं अक्षर सगळ्यांच्या लक्षात राहतं. फळ्याच्या लक्षात राहतो तो पुसणाऱ्याचा हात. मला मावशी पुसायच्या. घंटा देणं, खोल्या उघडणं, शिंकणाऱ्या पोरांना घरी पोचवणं आणि शाळा सुटल्यावर मला पुसणं, ही मावशींची कामं. ओलं फडकं पिळून त्या यायच्या आणि म्हणायच्या, “चला, आंघोळ.” दुसरं कुणी पुसलं तर फराटे उठतात. मावशींनी पुसलं की मी आरशासारखा व्हायचो. त्या वरून खाली पुसत यायच्या आणि ‘आपल्यातले’पाशी थांबून नाव वाचायच्या. “सुखी राहा गं,” नाहीतर “आता तरी अभ्यास कर रे,” असं त्या नावाला सांगायच्या आणि मगच फडकं फिरवायच्या. ज्यांची नावं असायची ती मुलं तोवर घरी पोचलेली असायची. त्यांना हे आशीर्वाद कधी कळलेच नाहीत. मला कळले. ते सगळे माझ्यात मुरलेत.

मग चित्रकलेचे सर निवृत्त झाले आणि माझ्या जागी एक पडदा आला. रंगीत, झगझगीत, भिंतीवर चपटा बसलेला. त्याला तारीख सांगावी लागत नाही, त्याची त्यालाच कळते. घटना, जन्म, फोटो, सगळं आपोआप सरकत राहतं. खोटं कशाला बोलू, तो छान आहे. पण तो ‘आपल्यातले’ लिहीत नाही. त्याला आपण माहीतच नाही.

मला पाण्याच्या नळांशेजारच्या भिंतीवर नेऊन टांगलं. काही महिने माझ्यावर एकच मजकूर होता, ‘निळी बाटली सापडली आहे’. बाटली केव्हाच नेली होती. मजकूर तसाच. नळांचं पाणी उडून ‘निळी’ पुसट झालं, ‘सापडली’ राहिलं. मावशी मात्र रोज येऊन माझ्या कडा कोरड्या करून जायच्या. पुसायला काही नसलं तरी म्हणायच्या, “बस, एवढ्यात कुणीतरी येईल तुझ्याकडे.”

आणि आली की. नववीतली एक मुलगी. सगळी शाळा तिला टिटवी म्हणते, कारण ती गप्प बसली तर लोक तिची तब्येत विचारतात. तिनं मोठ्या बाईंना गाठलं.

“बाई, तो नळापाशी फळा आहे ना, तो मी लिहू?”

“तू? अगं, तू डावखुरी. वहीत लिहितेस तेच हातानं फासून टाकतेस. फळ्यावर काय करशील?”

“बाई, एक आठवडा द्या. नाही जमलं तर मी आठवडाभर वर्गात बोलणार नाही.”

बाई हसल्या. “ते जमलं तरी कर ना.” पण खडूचा खोका दिला.

पहिले दिवस आम्हा दोघांनाही कठीण गेले. डावा हात पुढे सरकला की मागचं अक्षर गायब. तिच्या बाहीवर रोज अर्धा दिनविशेष घरी जायचा. मग तिनं युक्ती काढली. स्टुलावर चढायचं, कोपर डोक्याच्या वर धरायचं आणि वरून खाली हात सोडून लिहायचं. बघणाऱ्याला वाटावं, ही पोरगी फळ्यावरून माशी हाकलतेय. पण अक्षर टिकलं. थोडं झुकलेलं, धावल्यासारखं. मला ते आवडलं. मी पुन्हा बोलायला लागलो, आणि पाणी प्यायला येणारी सगळी शाळा ओंजळ तोंडाशी धरून मला वाचायला लागली. नळांशेजारची जागा वाईट नव्हती, मित्रांनो. तिथे प्रत्येकजण थांबतोच.

आता खरी गोष्ट सांगतो.

आमच्या शाळेत एक गमतीचा दिवस असायचा. शाळा उघडण्याच्या महिन्याची पहिली तारीख. त्या दिवशी ‘आपल्यातले’मध्ये जागा पुरायची नाही. मावशी, रखवालदार काका, बसकाका, बागेची काकू, सगळे त्याच तारखेचे. टिटवीनं पहिल्यांदा ती नावं लिहिली तेव्हा ती चक्रावली. संध्याकाळी मावशी फडकं घेऊन आल्या तशी तिनं विचारलं,

“मावशी, तुम्ही सगळे जुळे आहात का?”

मावशी खुदकन हसल्या. “कसले जुळे. अगं, तो आमच्या जन्माचा दिवस नाही, आमच्या दाखल्याच्या जन्माचा दिवस आहे. शाळेत नाव घालायला नेलं की मास्तर विचारायचे, तारीख काय? बाबांना कुठली तारीख ठाऊक. मग मास्तर बोटांवर मोजून वय काढायचे आणि शाळा उघडल्याची तारीख टाकून द्यायचे. आमच्यात निम्मे लोक त्याच दिवशी जन्मलेत. मास्तरांनी जन्माला घातलेले.”

“मग खरा दिवस कुठला?”

मावशींनी इकडेतिकडे बघितलं. नळापाशी कुणी नव्हतं. फक्त मी होतो, आणि माझी त्यांना लाज नव्हती.

“माझा आहे खरा दिवस,” त्या हळूच म्हणाल्या. “आई सांगायची. माणसं चंद्रावर चालत होती ना, तेव्हा मी झाले. सकाळची वेळ. बाबा कामावर गेलेले. शेजारच्या घरात रेडिओ, आणि सगळी आळी त्या रेडिओला चिकटलेली. सुईणबाईपण तिथेच. बोलवायला गेलं तर म्हणते कशी, थांबा, आत्ता एक जण शिडी उतरतोय. शेवटी शेजाऱ्यांनी रेडिओच उचलून आमच्या खिडकीत आणून ठेवला. तेव्हा कुठे ती आत आली. आई म्हणायची, तिकडे माणसानं चंद्रावर पाय ठेवला आणि इकडे तू भोकाड पसरलंस, आणि आळीला कळेना, कशाबद्दल आधी टाळ्या वाजवायच्या.”

टिटवी एवढी हसली की स्टुलावरून पडता पडता राहिली. मावशी माझ्याकडे वळल्या. “दरवर्षी ह्याच्यावर चंद्राची ओळ आली ना, की मी ती सगळ्यांत शेवटी पुसते. मनात म्हणते, आज आपला. कागदावर काही का असेना. आई गेल्यावर तेवढंच तर उरलं माझ्याकडे तिचं सांगितलेलं.”

तेव्हा मला उलगडा झाला. इतकी वर्षं मला वाटायचं, मावशींना चंद्र आवडतो.

टिटवीनं त्या दिवसापासून जीभ दाताखाली धरली. तिला किती जड गेलं असेल, विचार करा. पुढच्या महिन्यात वीस जुलै येत होता. आदल्या संध्याकाळी मावशी मला पुसून गेल्यावर टिटवी थांबली. पडद्यापाशी जाऊन तिनं सगळं ताडून पाहिलं आणि मला लिहायला घेतलं. असं तिनं मला पूर्वी कधी लिहिलं नव्हतं. वर रंगीत खडूनं चंद्र, त्याच्यावर एक बूट. घटना: माणूस चंद्रावर उतरला. जन्म: एव्हरेस्टवर पोचलेला गिर्यारोहक एडमंड हिलरी. आणि खाली ‘आपल्यातले’मध्ये एकटं एकच नाव, आमच्या मावशी. ऐसपैस, दोन्ही बाजूंना फुलं काढून. एवढं करून तिचं समाधान होईना. आज काहीतरी जास्त हवं म्हणून तिनं पडद्यावर शोधून त्या वर्षीचा वारही चंद्राच्या ओळीत लिहिला. रविवार.

सकाळी मावशी आल्या. टिटवी आणि तिच्या चार मैत्रिणी खांबाआड लपून बघत होत्या. मावशी माझ्यासमोर थांबल्या. आपलं नाव वाचून त्यांनी पदर तोंडाला लावला. मग त्यांची नजर वर गेली, चंद्रावर, ओळीवर, आणि त्या एका शब्दावर अडली.

“रविवार होता?”

मुली धावत बाहेर आल्या. टाळ्या, गोंधळ. मावशी सगळ्यांना हसून उत्तर देत होत्या. पण टिटवीला तो प्रश्न ऐकू गेला होता. मैत्रिणी पांगल्यावर तिनं विचारलं, “मावशी, काय झालं?”

“काही नाही गं. छान लिहिलंयस.”

“मावशी, सांगा ना.”

“रविवारी बाबांचा कारखाना बंद असायचा,” मावशी म्हणाल्या. “आई सांगायची, बाबा कामावर होते. निरोप गेला, मालकानं सोडलं, ते हातातलं काम टाकून धावत आले, चपला तिथेच राहिल्या. रविवारी कुठले बाबा कामावर असायला?” मग म्हणाल्या, “मला हसवायला रचून सांगत असेल. दरवर्षी मी हट्ट करायचे ना, माझा दिवस कुठला म्हणून. आया सांगतात काहीतरी. जाऊ दे. तू एक कर, बाळ. माझं नाव तेवढं पुसून टाक. फळ्यावर खोटं नको.”

आणि त्या घंटा द्यायला गेल्या. त्या दिवशीची घंटा अगदी नेमकी, अगदी वेळेवर झाली. तिच्यात मावशी नव्हत्या.

मित्रांनो, माझ्यावर लढाया लिहिल्या गेल्यात, भूकंप लिहिले गेलेत, मोठमोठ्या लोकांचे मृत्यू लिहिले गेलेत. पण त्या एका साध्या शब्दाइतकं जड मला काही लागलं नाही. टिटवीला मावशींना एक दिवस द्यायचा होता. दिला, आणि त्या नादात त्यांची आई काढून घेतली. पुसणं तिच्या हातात होतं. तिनं फडकं उचललंही. पण नाव पुसलं तर आई खोटी ठरणार, आणि ठेवलं तर मावशींना त्याच्यासमोरून दिवसभर जावं लागणार. बिचारी फडकं हातात घेऊन तशीच उभी. तिचा आवाज बंद झालेला बघून जाणारेयेणारे खरंच तिची तब्येत विचारायला लागले.

मधल्या सुट्टीत भूगोलाच्या बाई बाटली भरायला आल्या. त्या तशा कडक. पण टिटवी रडताना दिसल्यावर त्यांनी नळ बंद केला.

“काय गं, कुणाशी भांडलीस?”

टिटवीनं सगळं सांगितलं. रेडिओ, सुईणबाई, शिडी, चपला, रविवार. हुंदके देत, उलटंसुलटं. बाई शांतपणे ऐकत राहिल्या आणि मधेच त्यांच्या कपाळावरच्या आठ्या एकदम मोकळ्या झाल्या.

“मावशींची आई म्हणाली सकाळ होती?”

“हो.”

“नक्की सकाळ? ऊन वर आलेलं?”

“कारखाना सुरू झाला होता, म्हणजे आलं असेल.”

“चल माझ्याबरोबर. नाही, थांब. इथेच थांब. मी गोल घेऊन येते.”

आणि बाई, ज्यांना आम्ही कुणी कधी भरभर चालताना पाहिलं नव्हतं, त्या पृथ्वीचा गोल काखेत मारून आणि हातात विजेरी घेऊन आल्या. मावशींनाही बोलावून आणलं. नळापाशी गर्दी जमली. बाईंनी गोल माझ्या खालच्या पट्टीवर ठेवला आणि टिटवीला विजेरी धरायला लावली.

“हा सूर्य. आता सांगा, चंद्रावर कुठलं घड्याळ असतं?”

एक पाचवीतला म्हणाला, “चंद्रावर बंद पडेल, बाई.”

“चंद्राचं स्वतःचं घड्याळ नाही. म्हणून जगानं तारीख धरली ती ज्यांनी यान पाठवलं त्यांच्या घड्याळाची. ते इथे.” बाईंनी गोलावर बोट ठेवलं. ती बाजू अंधारात होती. “तो शिडी उतरला तेव्हा त्यांच्याकडे रात्र होती. वीस तारीख, रविवारची रात्र. आता त्याच क्षणी आपण कुठे आहोत बघा.”

त्यांनी दुसरं बोट गोलाच्या या अंगाला टेकवलं. तिथे विजेरीचा उजेड होता.

“आपल्याकडे रात्र कधीच सरली होती,” बाई म्हणाल्या. “दिवस उजाडून लोक कामाला लागले होते. एकवीस तारीख.”

“म्हणजे सोमवार,” टिटवी म्हणाली. तिचा आवाज परत आला होता.

“सोमवार. सकाळची वेळ. कारखाना चालू. शेजारी रेडिओ. मावशी, तुमच्या आईनं एक शब्द इकडचा तिकडे केलेला नाही. पडदाही चुकलेला नाही, तो त्यांच्या घड्याळानं सांगतो. तुमची आई आपल्या घड्याळानं सांगत होती.”

मावशी त्या उजेडाकडे बघत राहिल्या. मग पुढे झाल्या आणि बाईंचं बोट जिथे होतं तिथे स्वतःचं बोट ठेवून बघितलं, ऊब लागते का बघावं तसं.

“मग बाबा खरंच धावत आले होते,” त्या म्हणाल्या.

“अनवाणी,” टिटवी म्हणाली.

आता मावशींच्या डोळ्यांतलं पाणी कुणीच थांबवलं नाही. रखवालदार काका उगाचच नळ उघडून बसले.

अडचण आली ती संध्याकाळी. मोठ्या बाई म्हणाल्या, “काल लिहिलंत चंद्र, उद्या पुन्हा चंद्र? दालनात पडदा एक सांगतोय, नळापाशी फळा दुसरंच. आलेगेले म्हणतील, या शाळेत एकवाक्यता नाही.”

भूगोलाच्या बाई म्हणाल्या, “म्हणू देत. कारण लिहू ना खाली.”

“एका माणसाच्या वाढदिवसासाठी एवढं?”

मावशी तिथेच फडकं घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “राहू दे, मोठ्या बाई. मला कळलं, तेवढं पुरे. फळ्यावर नसलं तरी चालेल.”

मोठ्या बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. किती वर्षं या हातांनी हा फळा पुसलाय, असं काहीसं त्यांच्या मनात आलं असावं. त्या टिटवीला म्हणाल्या, “नीट लिही. आणि कोपर वर धर.”

मावशींनी मला आंघोळ घातली आणि आपलं स्वतःचं नाव स्वतःच पुसलं, हसत. मग टिटवी स्टुलावर चढली. एकवीस जुलै. घटना: आपल्या घड्याळाप्रमाणे आज सकाळी माणूस चंद्रावर पहिल्यांदा चालला. सोमवार. जन्म: लोकांना पोट धरून हसायला लावणारे अभिनेते रॉबिन विल्यम्स. आपल्यातले: मावशी.

“अजून काही हवं, मावशी?” टिटवीनं विचारलं.

मावशींनी थोडा विचार केला आणि खडू मागितला. इतक्या वर्षांत माझ्यावर त्यांनी कधी लिहिलं नव्हतं. त्यांचं अक्षर मोठं होतं, एकेक सुटं. त्यांनी चंद्राच्या ओळीखाली, घटनांमध्ये, एक घटना लिहिली: ‘त्याच वेळी माझी आई आई झाली.’

ती पूर्ण रात्र मी ते अंगावर घेऊन उभा होतो. लाकूड फुलतं, म्हणालो ना. त्या रात्री मला वाटलं, चीर वाढणार आता.

दुसऱ्या दिवशी शाळेत जी घंटा झाली, ती ऐकून आठवीचे लोक पाणी टाकून वर्गात पळाले, मग पुन्हा बाहेर आले, कारण ती थांबेचना. मावशी घंटेपाशी उभ्या राहून ती वाजवतच होत्या. मोठ्या बाई खिडकीत आल्या आणि परत आत गेल्या.

आणि दुपारी रखवालदार काका माझ्यापुढे येऊन उभे राहिले. त्यांनी दोनदा घसा साफ केला.

“टिटवे, माझी आजी म्हणायची, मी जन्मलो तेव्हा भरदुपारी अंधार झाला होता. कोंबड्या झोपायला गेल्या. मला वाटायचं, आजी मला काळा म्हणून चिडवते.”

“काका, ते खग्रास सूर्यग्रहण असेल,” टिटवी म्हणाली आणि पडद्याकडे पळाली. पडदा बिचारा कामाला लागला. बागेची काकू म्हणाली, तिच्या जन्माच्या दिवशी नदीवरचा नवा पूल खुला झाला होता, आणि तिची आई त्यावरून चालत जाणारी पहिली बाई होती, पोटात काकू. बसकाका म्हणाले, त्यांच्या वेळी काहीच घडलं नव्हतं, आई म्हणायची फार शांत दिवस होता. टिटवी म्हणाली, काका, शांत दिवसही लिहू आपण.

तर मित्रांनो, मी सुखी फळा आहे. ज्या सुतारानं मला जळणातून काढलं, ज्या सरांनी मला अक्षर दिलं, ज्या मुलीनं कोपर वर धरून मला परत बोलतं केलं आणि ज्या हातांनी मला रोज कोरं केलं, त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे. कोरं करणं ही सेवा आहे, हे मला मावशींमुळे कळलं. पण एक गोष्ट मला बोचते. माझ्यावरचं पुसलं तर उद्या परत लिहिता येतं. आई, आजी, शेजारचे आजोबा यांच्या तोंडातलं असं परत लिहिता येत नाही. त्यांच्याकडे तारखा नसतात, पण ऊन किती वर आलं होतं, कोण धावत आलं होतं, खिडकीत काय ठेवलं होतं, ते त्यांना नीट आठवतं. ते जपा. घरी गेलात की कुणाला तरी विचारा, तुम्ही जन्मलात तेव्हा बाहेर काय चाललं होतं. मग नुसतं ऐका, मधे बोलू नका, टिटवीला जमलं तर तुम्हालाही जमेल. आणि काही सापडलं तर पाणी प्यायला येताना मला सांगा.

माझ्याकडे जागा आहे.